डॅश खोलायच्या आधी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की जुन्या गाडीचा डॅशबोर्ड शक्यतो बदलू नका, आहे तोच दुरुस्त करा. त्यावर भरपूर पत्रं आली, काहींनी भांडूनही लिहिलंय, म्हणून हा महिना सगळा डॅशबोर्डलाच दिलाय. सांगलीच्या पत्राला जरा जास्त जागा लागली कारण त्यातला घोळ मी खूप गाड्यांमध्ये बघितलाय.

प्रश्न : काका, वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, मूळ रंगातली. डॅशचा पत्रा गंजायला लागलेला आणि वरची गादी फाटलेली म्हणून इथल्याच एका ओळखीच्या माणसाकडून सगळं खोलून घेतलं, पत्रा घासून मस्त पेंट केला, गादीला नवीन रेक्झिन लावलं. दिसायला एकदम झकास झालं पण बसवल्यापासून इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा इंडिकेटरच्या तालावर नाचतो, वायपर चालू केला की मीटरचा दिवा मंद होतो, आणि स्पीडोमीटर चाळीसच्या वर कुंई कुंई आवाज करतो, काटा पण थरथरतो. आता तोच माणूस म्हणतोय की मीटर गेलंय आणि वायरिंग पण गेलंय, पूर्ण फायबरचा नवीन डॅश करून त्यात नवीन मीटर टाकू. टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका टाकू. आधी माझं पूर्ण ऐका, कारण मला जवळपास खात्री आहे की तुमचं मीटरही गेलेलं नाही आणि वायरिंगही गेलेलं नाही, तुमचा पेंट फार चांगला लागलाय आणि तिथेच गडबड झालीये.

कसं ते सांगतो. गाडीत प्लसची वायर प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला वेगळी येते पण मायनस मात्र बॉडीच्या पत्र्यातूनच परत बॅटरीला जातो, यालाच आपण अर्थ म्हणतो. जुन्या गाड्यांत मीटरचा अर्थ पुष्कळदा मीटरच्या डब्यातून डॅशच्या पत्र्याला आणि तिथून बॉडीला असा जातो, म्हणजे पत्रा पत्र्याला टेकलेला असतो एवढ्यावरच सगळं चालतं. आता तुम्ही डॅश घासून प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट असे तीन थर दिले, स्क्रूच्या भोकांतसुद्धा रंग गेला, आणि ज्या जागी मीटर टेकतं तिथेही. रंगातून करंट जात नाही. मग बिचारा करंट दुसरा रस्ता शोधतो, एका मीटरच्या दिव्यातून दुसऱ्या दिव्यात असा उलटा फिरून कुठून तरी बॉडीला पोचतो. म्हणून इंडिकेटर लागला की पेट्रोलचा काटा हलतो. दोन गोष्टींचा काही संबंध नसताना एक लावली की दुसरी हलते, तेव्हा नव्वद टक्के वेळा अर्थच बघायचा.

तपासायला पाच मिनिटं लागतात. एक दोन मीटर लांब वायर घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा, एक टोक मीटरच्या लोखंडी डब्याला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. आता इंडिकेटर द्या. काटा स्थिर राहिला तर रोग कळला. मग उपाय असा की मीटरच्या मागच्या नटाखाली एक काळी वायर कायमची लावून ती बॉडीच्या एखाद्या भक्कम बोल्टला न्यायची, त्या बोल्टखाली रुपयाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची, दातेरी वायसर टाकायचा म्हणजे तो रुतून बसतो, आणि घट्ट केल्यावर वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलिन, म्हणजे तिथे गंज धरत नाही. पेंट खरवडायला जीव होत नाही हे मला माहितीये, पण ही जागा आत असते, कुणाला दिसत नाही. जाता जाता फ्यूज पण बघा, लांबट चिनी मातीचे फ्यूज असतील तर त्यांच्या टोकांवर आणि पकडणाऱ्या पट्ट्यांवर पांढरी हिरवी पूड जमते, ती बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

आता स्पीडोमीटर. कुंई आवाज आणि थरथरता काटा म्हणजे केबल. डॅश परत बसवताना केबलला जिथे मोठा आरामशीर वळसा हवा तिथे ती घाईत दाबून कोंबली जाते. मीटरच्या मागे केबलचं खरबरीत कडं असतं ते हातानेच फिरवून सुटतं, पक्कड लावू नका, आटे खराब होतात. सोडल्यावर आतली तार ओढून बाहेर काढा, फडक्याने जुनं काळं ग्रीस पुसा आणि तार टेबलावर सरळ ठेवून बोटांनी लाटण्यासारखी फिरवा. सारखी फिरली तर चांगली, मध्येच उडी मारून टुणकन वळली तर तिला पीळ पडलाय, बदला. चांगली असेल तर हलकं ग्रीस लावून परत घाला पण मीटरकडच्या टोकाची शेवटची वीतभर कोरडीच ठेवा. तिथे ग्रीस लावलं की ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि मग खरंच मीटर जातं.

हे सगळं करायला डॅश परत थोडा सैल करावा लागेल, तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. बॅटरीची मायनस वायर आधी काढा, म्हणजे सगळ्यात आधी, वर जी पाच मिनिटांची तपासणी सांगितली तेवढ्यापुरतीच बॅटरी जोडायची. दुसरं म्हणजे तुमच्या पद्मिनीला गिअर स्टिअरिंगलाच आहे, त्यामुळे कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंगच्या खांबाचा, क्लॅम्प सोडलाच तर कॉलम लटकत ठेवू नका, खाली सीटवर लाकडाचा ठोकळा किंवा दोन जाड उशा द्या, नाहीतर गिअरच्या दांड्यांवर वजन येतं आणि नंतर गिअर पडेना म्हणून दुसरंच दुखणं मागे लागतं. आणि तिसरं, प्रत्येक वायर काढायच्या आधी मास्किंग टेपची छोटी झेंडी लावून त्यावर पेनने नंबर टाका, तोच नंबर जिथून काढली तिथे लावा, मग फोटो. नुसत्या फोटोवर विसंबू नका कारण फोटोत पन्नास वर्षांची धूळ बसलेली लाल, तपकिरी आणि केशरी वायर सगळी एकसारखीच दिसते.

फायबरच्या डॅशबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूळ पत्र्याचा डॅश असलेली, एकाच घरात राहिलेली १९७९ ची गाडी आता सहज मिळत नाही. कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना बंद होऊन जमाना झाला, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेली कंपनी ती, तिथून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि पुढे पद्मिनी निघत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. म्हणजे पूर्वी कसं, टॅक्सी भंगारात निघाली की तिचे मीटर, नॉब, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण असं सगळं बाजारात यायचं, तो ओघ आता आटलाय. तुमच्याकडे मूळ माल आहे तो टाकून फायबर कशाला बसवायचं? आणि समजा पुढे एखादा तुकडा खरंच लागलाच तर कुर्ल्याला सीएसटी रोडला, चोर बाजारात किंवा पुण्याला रविवारी-बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरून बघा, जुनाच घ्या. नंतरच्या मॉडेलच्या काळ्या प्लास्टिकच्या डॅशचा माल घेत असाल तर मागचे स्क्रूचे कान तुटलेत का ते हात फिरवून बघा, दुकानदार पुढची बाजू पुसून दाखवतो, मागची नाही. आणि असा प्लास्टिकचा डॅश काढताना गाडी आधी तासभर उन्हात ठेवा, थंड प्लास्टिक कडक असतं, कान पटकन तुटतात.

एकच काम राहिलं. गंज आला कुठून ते बघितलंत का? पुढच्या काचेचं बीडिंग रबर कडक होऊन फाटलं की पावसाचं पाणी काचेच्या खालच्या काठातून डॅशच्या मागे उतरतं. एकाने आत बसून टॉर्च धरायचा, दुसऱ्याने बाहेरून नळीने हळू पाणी सोडायचं, लगेच कळतं. रबर नाही बदललं तर दोन पावसाळ्यांत तुमचा नवा पेंट खालून फुगेल.

प्रश्न : माझ्याकडे १९६६ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, इथेच एका वृद्ध गृहस्थांकडून घेतली. काळ्या खरबरीत रंगाचा लोखंडी डॅश आहे, मध्ये रेडिओसाठी कुणीतरी भलंमोठं भोक पाडून ठेवलंय. नवीन डॅश पॅनेल इथे विकत मिळतं. घरीच बदलता येईल का? मी सॉफ्टवेअरवाला आहे, पाने हातात धरलेत पण एवढं मोठं काम कधी केलेलं नाही. – एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : येईल, आणि तुमच्या बाबतीत बदला असंच म्हणेन कारण कापलेला पत्रा वेल्ड करून त्यावर तो खरबरीत रंग जुळवणं कटकटीचं आहे आणि तुमच्याकडे नवीन पॅनेल मिळतं. एमजीबीचं नशीब मोठं आहे, १९६२ ते १९८० पाच लाखांवर गाड्या बनल्या, ब्रिटिश मोटर हेरिटेज तर जुन्या साच्यांवर आजही अख्खी बॉडी बनवून देते. आपल्याकडे पद्मिनीचा एक नॉब शोधायला तीन शहरं फिरतात लोक, त्यामुळे मला तुमचा हेवा वाटतो.

पण तुमच्या गाडीत एक गोष्ट उलटी आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला प्लस बॉडीला असतो, मायनस नाही. बॅटऱ्या पण पुढे नाहीत, सीटच्या मागे झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात. मधल्या मालकाने बदलून मायनस अर्थ केलेलं असू शकतं, म्हणून आधी जाऊन डोळ्याने बघा बॉडीला कुठली वायर गेलीये, आणि तीच पहिली काढा. प्लस अर्थ असेल तर आजचा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर सरळ जोडलात तर जळेल.

डॅश वरच्या काठाला मागच्या बाजूने नटांनी धरलेला असतो, पाठीवर झोपून, डोकं पेडलपाशी घालून हात वर घालावा लागतो, सीट काढून टाका, त्या एका तासाच्या कामाने पुढचे चार तास सुखाचे जातात. नॉब ओढून काढू नका, ज्या नॉबच्या बुडाशी खालून एक बारीक भोक असतं त्यात सरळ केलेली पेपर क्लिप घालून आतली खिट्टी दाबली की नॉब अलगद निघतो.

खरी जोखीम ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या तापमानाचं जे जोडमीटर आहे तिथे आहे. तापमानाकडून एक सुतळीएवढी बारीक नळी इंजिनच्या हेडपर्यंत जाते, तिच्यात इथर भरलेलं असतं आणि ती मीटरला कायमची जोडलेली असते. ती वाकली, दुमडली, तुटली की मीटर संपलं, मग ते भरून घ्यायला तज्ज्ञाकडेच पाठवावं लागतं. घाई नसेल तर इंजिनकडचं टोक सोडून नळी हळूहळू आत ओढून घ्या आणि मोठी गुंडाळी करून मीटरसकट बाजूला ठेवा. इंजिन थंड हवं आणि आधी थोडं कूलंट काढून घ्या, नाहीतर हेडमधून बाहेर येईल. ऑइलची नळी सुटताना थोडं ऑइल ठिबकतंच, खाली फडकं धरा, कार्पेटला डाग पडला की जात नाही.

इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या मागे एक पांढरी वायर छोट्या प्लास्टिकच्या तुकड्यावरून वळसा घालून जाते. वळशाची दिशा जशीच्या तशी ठेवा, उलटा घातला तर इंजिन चालेल पण टॅकोमीटर मेल्यासारखा पडून राहील. बाकी वायरिंग तुम्हाला आवडेल, ल्युकास या ब्रिटिश इलेक्ट्रिक कंपनीची वायरच्या रंगांची पद्धत फार नीटस आहे: काळी म्हणजे अर्थ, तपकिरी बॅटरीकडून थेट, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी तीच पण फ्यूजनंतरची, लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, जांभळी फ्यूजमधून कायम चालू.

सगळं बसवल्यावर पेट्रोलचा काटा टाकीत आहे त्यापेक्षा जास्त दाखवायला लागला तर घाबरू नका. मागे एक छोटा चौकोनी व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो बाराचे सरासरी दहा व्होल्ट करून देतो, त्याला अर्थ मिळाला नाही तर तो पूर्ण व्होल्टेज सोडतो. नवीन पॅनेल, नवीन रंग, आणि परत तोच सांगलीचा किस्सा. स्टॅबिलायझर उलटासुलटा पण बसवू नका, त्याची वरची बाजू ठरलेली असते.

प्रश्न : आजोबांच्या गाडीच्या डॅशवर गणपतीची पितळी मूर्ती एम-सीलने चिकटवलेली आहे. डॅश पेंटला द्यायचाय, मूर्ती काढायला पाहिजे पण ठोकून काढायचं मन होत नाही, आजीला तर बघवणारच नाही. काय करू? – एक कॉलेजची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ठोकायची गरजच नाही गं. मासेवाले वापरतात ती तंगूस आण, जरा जाड. हेअर ड्रायरने मूर्तीच्या बुडाशी चार-पाच मिनिटं चांगली ऊब दे, एकाच जागी धरू नको, फिरवत राहा, एम-सील गरम झालं की थोडं मऊ पडतं. मग तंगुसाची दोन्ही टोकं छोट्या लाकडी काड्यांना गुंडाळून हातात धर, मूर्तीच्या मागून घाल आणि करवतीसारखी पुढे-मागे ओढत आपल्याकडे आण. मध्ये परत ऊब दे. तंगूस तुटेल दोन-तीनदा, तुटू दे, नवीन घे. शेवटी मूर्ती सुटते तेव्हा एकदम सुटते म्हणून आजीलाच शेजारी बसवून मूर्तीला हात लावायला सांग.

डॅशवर राहिलेला एम-सीलचा थर पेंटवाला घासेलच, तो पाण्याचा पेपर वापरून ओला घासायला सांग, कोरडा नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात जायला नको, तूही जवळ उभी राहू नको. परत बसवताना एम-सील नको, मूर्तीच्या बुडाला जाड दुहेरी फोम टेप लाव. मूर्ती जड असेल तर उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून बुडाला बारीक आटे पाडून घे आणि डॅशच्या खालून एक स्क्रू, पण आजोबांनी मूर्ती बसवली त्याच जागी भोक पाड, नव्या ठिकाणी नको. पेंटच्या आधी त्या जागेचा फोटो आणि दोन्ही काठांपासूनचं माप लिहून ठेव.

प्रश्न : आमच्याकडे १९६० च्या दशकातली अॅम्बेसेडर आहे, व्हीए नंबर, म्हणजे व्हिंटेज गाडीचा नंबर, घ्यायचा विचार आहे. त्याआधी डॅशला सागवानी लाकूड आणि टच स्क्रीन करून घेतलं तर चालतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि नंतरच्या फेरनोंदणीची पाच हजार. नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिनमधल्या मोठ्या बदलांना मनाई आहे, लाकडाच्या पट्टीचा शब्दशः उल्लेख नाही, पण गाडी तपासायला समिती असते आणि ती मूळ रूपच बघणार. पत्रा कापून स्क्रीन बसवलात तर तो बदल परत फिरवता येत नाही, म्हणून माझा सरळ सल्ला, कापू नका. गाणी ऐकायची हौस असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आत छोटा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर ठेवा, झाकण लावलं की दिसत नाही आणि एकही भोक न पाडता बसतो, हवा तेव्हा निघतो. सागवान आवडत असेल तर मूळ पॅनेलवर बसणारं वेगळं आवरण करून घ्या, तपासणीच्या दिवशी काढून ठेवता येईल असं. आणि हे लक्षात घ्या की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा लग्नाच्या भाड्याला चालवता येत नाही. तुम्ही अजून तिच्यातून बाजारहाट करत असाल तर नंबर बदलायच्या आधी घरात बोला.

प्रश्न : डॅश काळा कुळकुळीत दिसावा म्हणून खोबरेल तेल लावते, बरोबर ना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका लावू ताई. तेलावर धूळ बसून चिकट मळ होतो, उन्हात तेल तापून त्याचा धूसर थर काचेला आतून बसतो आणि रात्री समोरून लाइट आला की काही दिसत नाही. प्लास्टिक आणि रेक्झिन तडकतं ते त्यातला मऊपणा देणारा पदार्थ उन्हाने उडून जातो म्हणून, तो वरून तेल चोपडून परत येत नाही. बाजारातल्या सिलिकॉनवाल्या चकचकीत पॉलिशचंही तेच, शिवाय पुढे कधी तडा भरायची वेळ आली तर त्यावर ना डिंक धरत ना रंग. ओल्या फडक्याने पुसायचं, हट्टी डाग असेल तर पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, आणि गाडी उन्हात उभी असेल तर काचेच्या आतून पांढरी चादर. आत्तापर्यंत लावलेलं तेल काढायला हेच लिक्विड दोन-तीन दिवस रोज वापरा, फडकं दर वेळी धुवून घ्या, त्यावर काळं येणं थांबलं की समजा तेल निघालं.